येरवड्याचं अंगण आणि एक लाख रुपये

नमस्कार मंडळी, चहा घेतलाय ना, नसेल तर ठेवा गॅसवर, तोवर मी सुरू करतो. आज बोलायचंय अनिल अवचटांबद्दल. लेखक तर खरेच, पण लेखक असून संस्था चालवणारा माणूस. हे दोन्ही एकत्र जमणं अवघड असतं, मी स्वतः एका वाचनालयाच्या कमिटीवर दोन वर्षं खजिनदार होतो, पावतीपुस्तक कुठे ठेवलं ते आजपर्यंत सापडलेलं नाही, तेव्हा मला विचारूच नका.

तर अवचट मूळचे ओतूरचे, आपल्या जुन्नर तालुक्यातलं ओतूर. जन्म १९४४ चा. चित्रकार सुभाष अवचट हे त्यांचे धाकटे भाऊ. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमबीबीएस झाले, पण डॉक्टरकीत काही रमले नाहीत. बिहारमध्ये जाऊन आले आणि १९६९ मध्ये 'पूर्णिया' हे पहिलं पुस्तक आलं. मग हमाल, निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायका, विणकर... जायचं, शेजारी बसायचं, ऐकायचं आणि लिहायचं. शिक्षणाने डॉक्टर आणि हातात स्टेथोस्कोपऐवजी वही. एवढंच सांगतो, बाकी पुस्तकं तुम्ही वाचलीच असतील.

आता जो किस्सा मला सांगायचाच आहे तो येतो. घरच्यांना पाठ झालाय, बायको म्हणते पुन्हा तोच? हो, पुन्हा तोच!

साल १९८५-८६. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, सुनंदा म्हणा नाहीतर अनिता, दोन्ही नावांनी ओळखतात लोक, त्या येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलमध्ये सरकारी नोकरीत सायकियाट्रिस्ट. आणि वॉर्डात गर्दवाली पोरं यायला लागली. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदीवर पावडर टाकायची, खालून काडी धरायची आणि नळीने धूर ओढायचा. चांगल्या घरातली पोरं हो, आपल्या-तुमच्या गल्लीतली. आणि एक दिवस मिळाली नाही की 'टर्की' सुरू, हा त्यांचाच शब्द, म्हणजे नाक गळतंय, हाडं दुखतायत, जुलाब, झोप नाही. आईचे दागिने जायचे ते त्या टर्कीच्या भीतीने, मजा म्हणून नव्हे. हे नीट ऐका, मजा म्हणून नव्हे.

अवचट त्या वॉर्डात जाऊन बसले. पोरांशी बोलले, लेख लिहिले, पुढे त्याचं 'गर्द' हे पुस्तक झालं. खरं तर इथे लेखकाचं काम संपतं. आपल्याकडे तर इथेच संपतं, प्रकाशन समारंभ, शाल, नारळ, आणि भाषणं इतकी लांब की वडे थंड होतात. (समारंभात नारळ देणं बंद करा, असं माझं जुनं मत आहे, घरी नेऊन फोडायला कोणाला वेळ असतो.)

पण ते लेख वाचले पु. ल. आणि सुनीताबाईंनी. दोघंही हादरले आणि अवचटांशी संपर्क केला. की या पोरांसाठी काहीतरी करा, केंद्र काढा, आणि सुरुवातीला एक लाख रुपये आम्ही देतो. एक लाख. पुन्हा सांगतो, १९८६ सालचे एक लाख! त्या काळी आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घ्यायचा म्हणून वडील सहा महिने हिशेब करत होते.

आणि पैसे देऊन मोकळे झाले नाहीत. मेंटल हॉस्पिटलच्या आवारातच जागा मिळाली, २९ ऑगस्ट १९८६ ला पुलंच्या हस्ते उद्घाटन झालं आणि मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. मला हा किस्सा का आवडतो माहितीये? यात कुठेच कोणी लेटरहेड छापून सुरुवात केलेली नाही. एकाने ऐकलं, लिहिलं, दुसऱ्यांनी वाचलं, आणि तिसरी व्यक्ती, म्हणजे अनिताताई, त्या वॉर्डात आधीपासून उभीच होती.

हे मात्र मी ठासून सांगणार, लोक पटकन म्हणतात अवचटांचं मुक्तांगण. उभं केलं अनिताताईंनी! घरही त्यांच्याच पगारावर चालायचं, आणि अवचट घरी मुलींचं बघायचे, स्वयंपाक करायचे, आणि हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलंय. आजही कुठे नवरा पोळ्या लाटताना दिसला तर शेजारी खिडकीतून बघतात, तेव्हाची गोष्ट सोडाच.

मुक्तांगणमध्ये काय वेगळं? व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे पुढे काम करायला लागली. ज्याने स्वतः टर्की काढलीये त्याला थापा कशा मारणार? पस्तीस दिवस राहायचं, गटात बसून बोलायचं, आणि घरच्यांनाही बोलवायचं, बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट. कारण पिणारा एक असतो पण न झोपणारं अख्खं घर असतं, माझ्या एका काकांमुळे मला हे माहितीये, त्यांच्या सायकलचा आवाज रात्री गल्लीत आला की काकू आधी पातेली उचलून आत ठेवायची.

अनिताताई कॅन्सरने गेल्या १९९७ मध्ये. तरी काम थांबलं नाही, पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते हातात घेतलं. आणि बाबा, सगळे त्यांना बाबाच म्हणायचे, २७ जानेवारी २०२२ ला गेले.

अरे, घड्याळ बघा. बासरीचं राहिलं, ओरिगामीचं राहिलं, लाकडात कोरलेल्या मूर्तींचं तर नावही नाही काढलं. आमचे रेकॉर्डिंगवाले काचेपलीकडून हात दाखवतायत. तर ओरिगामी पुढच्या वेळी, एक चौकोनी कागद घेऊन बसा, घडी कशी घालायची ते रेडिओवरून कसं सांगतात ते मलाही बघायचंय.