ताप नाही, तरीही

वाळव्याच्या फडावरून निघालेली १०८ सांगली ओलांडून मिरजेत शिरते, तेव्हा उजाडायचं असतं. आत जतची पोर, ऊसतोडीला आलेली. ३१ वा आठवडा, आणि रात्रीपासून कळा.

"मावशी, हिला ताप येऊन गेला का?" सिस्टर विचारतात.

सासू म्हणते, "न्हाई बाई, अंग गारच हाय तिचं."

थर्मामीटरही ९८.४ दाखवतो. फसगत होते ती इथंच. दिवस भरण्याआधी कळा लागलेल्या कितीतरी बायकांच्या गर्भजलात जंतू असतात, पण ताप नसतो. जंतू बहुतेकदा योनिमार्गातून वर चढतात. शरीर त्यांच्याशी झुंजायला लागतं, आणि त्या झुंजीतूनच कळा सुरू होतात.

बाळाचे ठोके मिनिटाला १६० च्या वर, वास येणारं पाणी, पांढऱ्या पेशी १५,००० च्या पुढे, हे सगळं बघायचंच. पण बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेलं स्टिरॉइडही पांढऱ्या पेशी वाढवतं. त्या एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही.

खरं काय ते पाणीच सांगतं. सुई सगळ्यांनाच टोचत नाहीत. शंका असेल तिथं सोनोग्राफीत बघत पोटातून थोडं गर्भजल काढतात. त्यातली साखर जंतू आणि पांढऱ्या पेशी खाऊन टाकतात. ती डेसिलिटरला १५ मिलिग्रॅमच्या खाली गेली, की संशय बळावतो. साधी, स्वस्त, लगेच होणारी तपासणी. मला तिचं मोल फार वाटतं. कारण कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, काही दिवस लागतात. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, लवकर होतो, पण युरियाप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, तो त्यात दिसत नाही.

मग सरसकट अँटिबायोटिक का देऊ नये? ब्रिटनच्या ओरॅकल अभ्यासात पाणमोट शाबूत असलेल्या अशाच आयांना ती दिली होती. २००८ मध्ये त्यांच्या सात वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व, जास्त आढळली. म्हणून आधी शोधायचं.

जंतू नसतील तर कळा ४८ तास लांबवायच्या, तेवढ्यात स्टिरॉइड काम करतं. असतील तर कळा थांबवणं म्हणजे बाळाला त्याच पाण्यात कोंडून ठेवणं.

सिरिंजमधलं पाणी फिकट पिवळं, नितळ दिसतं. लॅबचा माणूस ते घेऊन धावत जिना उतरतो.

आकडा येतो : ६.

सिस्टर अँटिबायोटिकची बाटली लावतात. नवजात कक्षात वॉर्मर तापायला ठेवलाय. कळा थांबवायची गोळी ट्रेमध्ये तशीच राहते.