चित्र नसलेला सिनेमा आणि माझे काही आवडते प्रयोग

नमस्कार मंडळी. आज सिनेमाबद्दल बोलायचंय आणि तेही रेडिओवरून, म्हणजे मी तुम्हाला एकही दृश्य दाखवू शकणार नाही. मग म्हटलं सुरुवात अशाच सिनेमाने करूया ज्यात दृश्यच नाहीये.

१९३० साली बर्लिनच्या रेडिओवर 'वीकएंड' नावाचा एक कार्यक्रम लागला, अकरा-एक मिनिटांचा. करणारा माणूस वाल्टर रुटमान, सिनेमावालाच, तीन वर्षांपूर्वी त्याने बर्लिन शहरावर एक फार गाजलेला मूकपट केला होता. आता तेव्हा आवाज रेकॉर्ड करून कापायला-जोडायला टेप नव्हती, पण बोलपट नुकतेच आले होते आणि फिल्मच्या पट्टीवर आवाज छापता येत होता, तर या गड्याने काय केलं, फिल्मवर फक्त आवाज घेतला, चित्राची जागा मोकळी सोडली, आणि मग ती फिल्म सिनेमासारखीच एडिट केली, कात्रीने कापून, तुकड्याला तुकडा जोडून. शनिवारचं काम चाललंय, टाइपरायटर, करवत, टेलिफोन, मग सुट्टी होते, लोक शहराबाहेर पडतात, मुलं गातायत, चर्चच्या घंटा, आणि मग परत सोमवार, परत यंत्रं. कट टू कट. तुम्ही ऐकता आणि डोळ्यांपुढे सगळं दिसत जातं. याला सिनेमा म्हणायचं का? मी तर म्हणतो, आणि का म्हणतो तेच आज सांगायचंय.

आपल्याकडे प्रायोगिक सिनेमा म्हटलं की लोकांच्या डोक्यात एक ठरलेलं असतं, की ज्यात काही कळत नाही तो. स्लो असतो, कोणी बोलत नाही, शेवट मध्येच होतो, फेस्टिव्हलला लागतो. प्रायोगिक नाटकाचं तसं नाही हां, दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं व्हायची त्या काळापासून मराठी प्रेक्षकाला ते नाटक आपलं वाटत आलंय, पण सिनेमाच्या बाबतीत ही भीती अजून आहे. मला ही व्याख्या अजिबात पटत नाही. न कळणं हा काही गुण नाही, नुसता गोंधळ कोणीही घालू शकतो. माझी साधी कसोटी अशी आहे की सिनेमात जे आपण गृहीत धरून चालतो, म्हणजे चित्र, कॅमेरा, हालचाल, गोष्ट, यातली एखादी गोष्ट त्या माणसाने काढून टाकलीय का, आणि मुख्य म्हणजे ती का काढलीय. गरजेपोटी काढली असेल तर उरलेलं सगळं जास्त जोरात बोलायला लागतं. उगाच काढली असेल तर ते दहा मिनिटांत उघडं पडतं.

गरज म्हणजे काय ते डेरेक जार्मनच्या 'ब्लू'मध्ये बघा. १९९३ चा सिनेमा, ७९ मिनिटं, आणि पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त एक गडद निळा रंग. बाकी काही नाही. हा ब्रिटिश दिग्दर्शक, चित्रकारसुद्धा होता, त्याला एड्स झाला होता आणि त्यात त्याची नजर जात चालली होती. आता ज्याचं सगळं आयुष्य डोळ्यांवर, रंगांवर उभं आहे त्याने आंधळं होण्यावर सिनेमा करायचा तर काय दाखवणार, कुठल्यातरी नटाला काळा चष्मा लावून चाचपडायला लावणार? त्याने चित्रच काढून घेतलं. मागे आवाज आहेत, त्याचा स्वतःचा, टिल्डा स्विन्टनचा, अजून दोघांचे, डोळ्यांत थेंब घालायचे, ड्रिप लावायची, हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये बसायचं, जे मित्र गेले त्यांची नावं. आणि तुम्ही त्या निळ्याकडे बघत बसता, थोड्या वेळाने तुमच्याच डोळ्यांत ठिपके, कडा, सावल्या तरंगायला लागतात, कारण डोळ्याला काहीतरी बघायचंच असतं. मग लक्षात येतं की हा माणूस जिथे बसलाय तिथे त्याने मलाही आणून बसवलंय. तो सिनेमा चॅनल फोर आणि बीबीसीच्या रेडिओ थ्रीने मिळून एकाच वेळी टीव्हीवर आणि रेडिओवर दिला होता. पुढच्या फेब्रुवारीत जार्मन गेला.

आता चित्र आहे पण कॅमेरा नाही, असा सिनेमा. हा माझा सगळ्यात लाडका आहे त्यामुळे जरा वेळ घेतो. स्टॅन ब्रॅकेज, अमेरिकन, १९६३ चा 'मॉथलाइट'. साधारण तीन-साडेतीन मिनिटांचा, आवाज नाही. पैशांची इतकी ओढाताण होती की फिल्म घेणंसुद्धा परवडत नव्हतं. आणि दिव्यावर झेप घेऊन मरून पडलेले पतंग त्याला दिसत होते, ते बघून त्याला वाटलं की हे तर माझ्यासारखंच आहे. त्याने ते पंख गोळा केले, सोबत पानं, फुलांच्या पाकळ्या, गवताची पाती, आणि हे सगळं दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवलं, १६ एमएम फिल्मच्या रुंदीचं. मग लॅबमधून त्याची प्रिंट काढली आणि प्रोजेक्टरवर चालवली.

नेमकं काय होतं ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे. १६ एमएमच्या एका फ्रेमची उंची असते साडेसात मिलिमीटरच्या आसपास. आता अडीच-तीन सेंटिमीटरचा पंख पट्टीवर उभा चिकटवला तर तो एका फ्रेममध्ये मावतच नाही, तीन-चार फ्रेम्सवर पसरतो. प्रोजेक्टर सेकंदाला २४ फ्रेम पुढे ढकलतो, म्हणजे तो पंख पडद्यावर सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात येऊन जातो, आणि तोही तुकड्या-तुकड्यांनी, आधी एक टोक, मग मधल्या शिरा, मग दुसरं टोक. तुम्हाला अख्खा पंख कधीच दिसत नाही. पण जे दिसतं ते फडफडणं असतं! मेलेल्या पतंगाचा पंख, प्रोजेक्टरचा दिवा त्याच्या आरपार जातो, आणि तो फडफडतो. ज्या दिव्याने मारलं त्याच दिव्याने उडवलं. कॅमेरा असता तर ते पतंगाचं चित्र झालं असतं, इथे पतंग स्वतःच फिल्म झालाय. मला हे कितीही वेळा पाहिलं तरी अंगावर काटा येतो, आणि ज्यांना वाटतं की प्रयोग म्हणजे कोरडं डोकेबाज काम, त्यांनी हा बघावाच.

क्रिस मार्करचा 'ला जेटे' १९६२ चा, २८ मिनिटं, जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा बनलेला. तिसऱ्या महायुद्धानंतरचं पॅरिस, एक माणूस लहानपणीच्या एका आठवणीला धरून काळात मागे जातो. फोटो, फोटो, फोटो, आणि एका जागी, झोपलेली बाई डोळे उघडते, ते मात्र खरंखुरं हलतं. काही सेकंद फक्त. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगणार नाही, बघाच.

आता कंटाळ्याचं बोलू, कारण लोकांची खरी तक्रार तीच असते. अँडी वॉरहॉलने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर कॅमेरा लावला आणि आठ तासांहून मोठा सिनेमा केला, तीच बिल्डिंग, संध्याकाळ ते रात्र, बस. त्याचं महत्त्व मला मान्य आहे पण तो माझ्या आवडत्यांत नाही, कारण त्यातली कल्पना एका वाक्यात सांगून संपते. याच्या उलट शांताल आकरमनचा 'जान दिलमान', बेल्जियमचा, १९७५ चा. २०१ मिनिटं. हासुद्धा लांबच आहे, पण एका वाक्यात सांगून काहीच हाती लागत नाही. ब्रसेल्समधली एक विधवा बाई, एक मुलगा, तीन दिवस. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, पलंग आवरते, दुपारी एक गिऱ्हाईक येतं, कारण घर चालवायचंय, आणि तेही ती इतर कामांसारखंच उरकते. कॅमेरा हलत नाही, क्लोजअप नाही. बटाटे सोलायचे तर पूर्ण सोलून होईपर्यंत आपण बघतो. दुसऱ्या सिनेमात दोन सेकंदांत कट झाला असता, कारण बाईचं घरकाम हे सिनेमात 'काहीच घडत नाही' या खात्यात जातं. आकरमन तेव्हा पंचविशीची होती आणि तिने नेमका तो कट काढून टाकला.

आणि त्याचा परिणाम बघा, दुसऱ्या दिवशी बटाटे गॅसवर जास्त शिजतात. एवढंच. ती पातेलं हातात घेऊन घरात फिरते, या खोलीत, त्या खोलीत, आता याचं काय करू. आणि आपण हादरतो! कारण तासभर आपण तिची शिस्त बघितलीय, कुठला दिवा कधी बंद होतो हे आपल्यालाही पाठ झालंय, त्यामुळे करपलेला बटाटा ही तिथे खूनखराब्याइतकी मोठी बातमी ठरते. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरातल्या समीक्षकांकडून जो कौल घेतला त्यात हा सिनेमा पहिला आला, एखाद्या बाईने केलेला सिनेमा तिथे पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. बरेच लोक चिडले. मला मनापासून आनंद झाला.

वाट बघणारी बाई म्हटलं की आपल्याकडचा मणी कौल यांचा 'उसकी रोटी' आलाच. १९६९ चा, मोहन राकेश यांच्या कथेवरचा, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून, तिथे ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेल्या पोराचा पहिला सिनेमा, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशांतून केलेला. पंजाबातली बालो, नवरा बस ड्रायव्हर, ती रोज त्याची भाकरी घेऊन स्टॉपवर उभी राहते. कॅमेरा के. के. महाजन यांचा, आणि कौलांनी ठरवलं की दोनच लेन्स वापरायच्या, २८ आणि १३५. २८ म्हणजे वाइड, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट, १३५ म्हणजे टेलिफोटो, चेहरा तेवढा शार्प आणि मागचं सगळं धूसर. आधी तिचं प्रत्यक्ष जगणं २८ ने आणि तिच्या मनातलं १३५ ने, आणि आपल्याला ती सवय लागली की मग अदलाबदल. त्यामुळे एका टप्प्यानंतर कळेनासं होतं की बस खरंच आली की तिला नुसतं वाटलं. पण जो रोज वाट बघतो त्याचं असंच होत असतं ना? इथे न कळणं हे तिच्या अवस्थेतून आलंय, म्हणून मला ते खरं वाटतं. कौल पुढे झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे धृपद शिकले, आणि त्यांचे सिनेमे बघायची किल्ली मला तिथेच सापडली. आलाप ऐकताना आपण विचारत नाही की पुढे काय झालं, आपण त्या एका स्वरात बसतो. तसं बसलं की 'उसकी रोटी' उघडतो. मराठीतसुद्धा या मंडळींचं काम आहे बरं का, १९७६ चा 'घाशीराम कोतवाल', तेंडुलकरांच्या नाटकावरून, इन्स्टिट्यूटच्या तरुण पोरांनी युक्त नावाची सहकारी संस्था काढून केलेला, मोहन आगाशे नाना आणि ओम पुरी घाशीराम.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्यापैकी जुन्या लोकांना थिएटरात मेन पिक्चरच्या आधी लागणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या डॉक्युमेंटऱ्या आठवत असतील, थिएटरवाल्यांना त्या दाखवणं कायद्याने सक्तीचं होतं. धरणं, कारखाने, कुटुंबनियोजन. त्याच सरकारी खात्यात, मुंबईत पेडर रोडवर, प्रमोद पती नावाचा माणूस बसला होता, चेकोस्लोव्हाकियात जाऊन अ‍ॅनिमेशन शिकून आलेला. त्याने १९७२ मध्ये 'आबिद' केला, जेमतेम पाच मिनिटांचा. ढब्बूजीवाले आबिद सुरती, चित्रकार-व्यंगचित्रकार-लेखक, त्यांना एका पांढऱ्या खोलीत सोडलं, आणि एकेक फ्रेम घेत, म्हणजे माणूस थोडा हलवायचा, एक फ्रेम काढायची, परत थोडा हलवायचा, असं करत जिवंत माणसाची बाहुली केली. आबिद भिंतीतून निघतात, सरकत जातात, रंग आपोआप भिंतीभर पसरतो. किती उत्साह आहे त्यात! सरकारी पैशाने इतकं मोकळं काम झालंय, आणि आपण त्याची आठवण ठेवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पतींबद्दल मराठीत कोणीतरी मोठं लिहायला हवं.

तर ज्यांनी यातलं काहीच बघितलेलं नाही त्यांनी कुठून सुरू करायचं? लगेच २०१ मिनिटांना हात घालू नका. 'आबिद' बघा, 'मॉथलाइट' बघा, दोन्ही मिळून दहा मिनिटंसुद्धा होत नाहीत. मग माया डेरेनचा १९४३ चा 'मेशेस ऑफ द आफ्टरनून', चौदा मिनिटांचा, तिने आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिड याने लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या घरात १६ एमएमवर केलेला. किल्ली, सुरी, फूल, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक बाई. त्यात ती सुरी घेऊन चार पावलं टाकते ते नीट बघा, एक पाऊल समुद्राच्या वाळूत, पुढचं गवतावर, मग फरशीवर, मग घरातल्या गालिच्यावर. एका खोलीतलं अंतर, पण तेवढं चालायला तिला अख्खं जग ओलांडावं लागतं, आणि खर्च काय, तर चार कट. फक्त एक करा, पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. आज जे संगीत त्याच्यावर ऐकू येतं ते तेइजी इतोने १९५९ मध्ये केलेलं आहे, छानच आहे, पण त्याआधीची सोळा वर्षं तो सिनेमा मुकाच होता आणि डेरेनने तो तसाच बांधलाय. मग दुसऱ्यांदा संगीतासकट बघा. आणि मोबाइलवर नको, घरात जो सगळ्यात मोठा पडदा असेल त्यावर, दिवे घालवून.