दारातला छोटा कॉम्प्युटर

आज एका पेटीबद्दल बोलायचंय. फ्रीजएवढी, लोखंडी, वजन ४०० किलोच्या आसपास. नाव इंटरफेस मेसेज प्रोसेसर, पण तिच्यावर काम करणारे सगळे नुसतं इंप म्हणायचे. आपल्या राउटरची ही पणजी म्हणा हवं तर.

१९६७ सालची गोष्ट. अमेरिकेत आर्पा ही संरक्षण खात्याची संस्था युनिव्हर्सिट्यांना कॉम्प्युटरसाठी पैसे द्यायची, आणि आता ते सगळे एकमेकांना जोडायचे असं तिथल्या लॅरी रॉबर्ट्स यांच्या डोक्यात होतं. पण प्रत्येक ठिकाणचं मशीन वेगळं, भाषा वेगळी, आणि आधीच कामाने वाकलेलं, त्यात दुसऱ्याचे मेसेज पुढे ढकलायचं काम कोण अंगावर घेणार? कुणीच तयार नव्हतं. अ‍ॅन आर्बर या गावातल्या मीटिंगमध्ये कॉम्प्युटर बांधणारे वेस्ली क्लार्क हे सगळं ऐकत बसले होते, आणि त्यांनी सुचवलं की मोठ्या मशीनला हातच लावू नका, प्रत्येकाच्या दारात एक छोटा कॉम्प्युटर बसवा, सगळे एकसारखे, आणि मेसेजची ने-आण फक्त त्यांनी करायची. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी हीच.

१९६८ मध्ये आर्पाने १४० कंपन्यांना पत्रं पाठवली. आयबीएमने तर टेंडरच भरलं नाही. काम मिळालं केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या बीबीएन या छोट्या कंपनीला. फ्रँक हार्ट टीमचे प्रमुख, सॉफ्टवेअरला विल क्राउदर, डेव्ह वॉल्डन, बर्नी कोसेल, हार्डवेअरला सेव्हेरो ऑर्नस्टाइन. मशीन हनीवेलचं डीडीपी-५१६, मेमरी १२ हजार शब्द, एक शब्द १६ बिटचा, म्हणजे आजच्या हिशोबात २४ केबी. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा मावणार नाही, आणि तेवढ्यात नेटवर्क चालवायचं!

आता इथे मला जरा थांबायचंय, कारण खरी अक्कल इथे दिसते. या लोकांनी कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवूनच पेटी बांधली. आधी माणसांवर नाही: उत्सुक विद्यार्थी हात घालतील म्हणून हार्टनी लष्करी पद्धतीचं दणकट कपाट मागवलं. मग लाइनवर नाही: ५० किलोबिटच्या भाड्याच्या टेलिफोन लाइनवर खरखर येणारच, म्हणून प्रत्येक पॅकेटसोबत, म्हणजे मेसेजच्या प्रत्येक तुकड्यासोबत, २४ बिटचा चेकसम, म्हणजे त्या तुकड्यावरूनच काढलेला पडताळणीचा आकडा, पलीकडच्या इंपने तो पडताळायचा, जुळला तरच पोच पाठवायची, आणि पोच येईपर्यंत इकडच्याने आपली कॉपी पुसायची नाही, पोच आलीच नाही तर पॅकेट परत पाठवायचं. आपण रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवायचो ना, अगदी तसं. आणि विजेवरही विश्वास नाही. मेमरी बारीक चुंबकी कड्यांची होती, वीज गेली तरी त्यातलं पुसलं जायचं नाही, त्यामुळे वीज आली की मशीन आपलं आपण परत सुरू.

३० ऑगस्ट १९६९ ला पहिली पेटी विमानाने लॉस एंजेलिसला, यूसीएलए या युनिव्हर्सिटीत पोचली. ऑक्टोबरमध्ये दुसरी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला, आणि २९ तारखेला रात्री यूसीएलएमधले विद्यार्थी चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्डच्या मशीनवर जायला लॉगिन टाइप करायला घेतलं, एल गेलं, ओ गेलं, आणि पलीकडचं मशीन बंद पडलं. बघा, पडलं ते मोठं मशीन, इंप नाही.

पण एकावर मात्र त्यांनी विश्वास ठेवला होता, शेजारच्या इंपवर. दर दोन तृतीयांश सेकंदाला प्रत्येक इंप शेजाऱ्यांना सांगायचा, मी अमुक ठिकाणी इतक्या वेळात पोचवतो, आणि शेजारी ते खरं धरून रस्ता ठरवायचे. एकदा हार्वर्डच्या इंपची मेमरी बिघडली, त्याच्या या वेळांच्या तक्त्यात सगळीकडे शून्य झालं, म्हणजे कुठेही जायचं असू दे, माझ्याकडून शून्य वेळात! झालं, ज्याने त्याने आपली पॅकेटं हार्वर्डकडे वळवली, आणि ती तिथेच गडप.

तेव्हापासून इंप स्वतःचे तक्ते आणि स्वतःचा प्रोग्रॅमसुद्धा वापरायच्या आधी चेकसमने तपासायला लागला, आणि प्रोग्रॅम खराब निघाला तर थांबून शेजारच्या इंपकडून लाइनवरून नवी कॉपी मागून घ्यायचा.