उमेदवारीची वही

[दृश्य: पांढरा बोर्ड, स्टीलची पट्टी, कटर. निवेदन नाही. पात्याचा आवाज ऐकू द्यायचा.]

पहिल्या फेरीला बोर्ड कापायचा नसतो. पात्यानं नुसती रेघ ओढायची. दुसऱ्या फेरीला पातं त्याच रेघेत आपोआप बसतं आणि तिसऱ्या फेरीला तुकडा अलगद सुटतो. एकाच दमात कापायला गेलं की कड फाटते. पट्टीवरून पातं घसरलं तर थेट बोटावर येतं.

हे मॉडेल एकास पन्नास प्रमाणाचं आहे. प्रत्यक्षातली १५० मिलिमीटर उंचीची पायरी इथं ३ मिलिमीटरची होते. बोर्डाची जाडीही तेवढीच. म्हणून जिना असा रचतात: थरावर थर, आणि वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा ६ मिलिमीटर मागे. गोंद टाचणीच्या टोकावर घ्यायचा. जरा जास्त झाला की सांध्यातून बाहेर येतो आणि पांढऱ्या बोर्डावर त्याचा डाग कायमचा राहतो.

हा जिना रचणारी मुलगी आर्किटेक्टच्या या ऑफिसात चार महिने इंटर्न म्हणून काम करते आहे. सकाळी कुलूप उघडायला ती असते आणि रात्री प्लॉटर, म्हणजे ड्रॉइंग छापायचं मोठं यंत्र, बंद करून निघणारीही बहुतेक वेळा तीच. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. तशी तिची अट होती आणि ती आम्हाला पटली. कटर असा धरायला ती इथं शिकली नाही, कॉलेजातून शिकून आली.

या चार महिन्यांत तिला एक पैसाही मिळालेला नाही.

[दृश्य: जिन्याचा शेवटचा थर बसतो. हात थांबतात.]

मराठीत याला जुना शब्द आहे. उमेदवारी. "मुलगा अमक्या ठिकाणी उमेदवारी करतोय," असं घरातली वडीलधारी माणसं सांगायची. उमेद धरून राबतो तो उमेदवार. आज काम शिकायचं, उद्या जागा मिळेल. शब्दात मोठी माया आहे, पण ते 'उद्या' कधी उजाडणार हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही. आम्ही ही फिल्म करायला घेतली ती त्या न लिहिलेल्या तारखेसाठी.

[दृश्य: रेल्वे यार्डाची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

१९४७ साल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका रेल्वे कंपनीचा खटला होता. यार्डातलं ब्रेकमनचं, म्हणजे डब्यांचे ब्रेक आणि जोडणी सांभाळणाऱ्याचं, काम शिकायला नवी माणसं यायची. त्यांना शिकण्याच्या दिवसांचा पगार द्यायचा का, हा प्रश्न. न्यायालयानं सांगितलं, द्यायची गरज नाही. ही माणसं शिकाऊ आहेत, त्यांच्यामुळं कंपनीचं काम पुढं सरकत नाही, उलट कधी कधी खोळंबतं. अमेरिकेत बिनपगारी इंटर्नशिपच्या बाजूनं पुढं जेव्हा जेव्हा वाद घातला गेला, तेव्हा या निकालाचा आधार घेतला गेला.

पण त्या यार्डातलं शिक्षण किती दिवसांचं होतं? सरासरी सात ते आठ दिवसांचं.

सात-आठ दिवस. इथं चार महिने झालेत.

२०११ मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपटावर बिनपगारी राबलेल्या दोन इंटर्न्सनी निर्मिती कंपनीवर दावा लावला. २०१३ मध्ये खालच्या कोर्टानं त्यांना कर्मचारी मानलं. २०१५ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल बाजूला ठेवला आणि तपासायची कसोटीच बदलली: या व्यवस्थेत मुख्य फायदा कुणाचा होतो, इंटर्नचा की मालकाचा? २०१८ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानंही हीच कसोटी स्वीकारली. तिच्यात सात मुद्दे आहेत. त्यातला एक सरळ या टेबलाशी येऊन थांबतो: इंटर्नचं काम पगारी माणसाच्या कामाला पूरक आहे, की त्या माणसाची जागाच घेतं आहे?

फ्रान्सनं कोर्टबाजीची वाट पाहिली नाही. तिथं इंटर्नशिप दोन महिन्यांपेक्षा लांबली की मोबदला देणं कायद्यानं बंधनकारक आहे. आणि ज्या व्हाइट हाउसमध्ये वर्षानुवर्षं मुलं फुकट काम करत आली, तिथंही २०२२ च्या शरद सत्रापासून इंटर्नना पैसे मिळू लागले.

[दृश्य: वही. पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे झिजलेले. हात पान उलटतो.]

आता ही वही बघा.

आम्ही पहिल्यांदा ऑफिसात गेलो तेव्हा वहीकडं आमचं लक्षही नव्हतं, कॅमेरा मॉडेलवर होता. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की प्रत्येक काम संपलं की ती उठते, हात पुसते आणि काहीतरी लिहिते. फार फार तर दोन ओळी.

पानावर चार रकाने आहेत. तारीख. काम. लागलेला वेळ. चौथ्या रकान्याचं शीर्षक आहे, 'पुढं काय झालं?'

पहिल्या आठवड्यातल्या नोंदी वाचू. 'प्रिंट काढल्या, फायली लावल्या. साडेतीन तास.' चौथा रकाना रिकामा. 'मीटिंगला बसले, कोपऱ्यात. दोन तास.' रिकामा. 'मॅडमनी सेक्शन कसा वाचायचा ते दाखवलं. एक तास.' पुढं लिहिलंय, 'समजलं.' सेक्शन म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते दाखवणारं ड्रॉइंग.

हे शिक्षण झालं, आणि ते तिला हवंच होतं. या मॅडमचं आम्हाला कौतुक वाटतं. स्वतःचं काम बाजूला ठेवून शिकवणारं माणूस सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

सहाव्या आठवड्याच्या पानावर मात्र एक आडवी रेघ आहे. पट्टी लावून मारलेली, लाल. रेघेच्या खालची नोंद आहे, 'डोअर-विंडो शेड्यूल, तळमजला आणि पहिला मजला. नऊ तास.' शेड्यूल म्हणजे इमारतीतल्या दारं-खिडक्यांचा मापांसकट तक्ता. चौथ्या रकान्यात, 'तसंच्या तसं क्लायंटला गेलं.'

रेघ कशासाठी मारली, असं आम्ही विचारलं. तिचं उत्तर इथं जसंच्या तसं ठेवतो आहोत: "रेघेच्या वर मी शिकत होते. खाली जे आहे ते मी केलं नसतं तर दुसऱ्या कुणाला तरी पैसे देऊन करून घ्यावं लागलं असतं."

सगळ्या इंटर्न्सनी आपापल्या वहीत ही रेघ शोधावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. ती कुणाच्या दुसऱ्या आठवड्यात सापडेल, कुणाच्या दहाव्या. पाचव्या महिन्यातही सापडली नाही, तर त्या जागी शिकायलाही फारसं मिळत नाही आणि कामही होत नाही. तिथून लवकर निघालेलं बरं.

[दृश्य: मॉडेलचा जिना, अगदी जवळून. कागदाचं इवलंसं दार बोटानं उघडतं आणि मिटतं.]

आता नोंद तेराव्या आठवड्यातली. मॉडेलमध्ये ती दारं बसवत होती. कागदाची दारं, एकेक १८ मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रत्यक्षात ९००. जिन्याच्या लँडिंगवर, म्हणजे पायऱ्यांच्या टोकाच्या सपाट जागेवर, एक दार उघडत होतं. दारापासून समोरच्या कडेपर्यंत लँडिंग ३० मिलिमीटर. दार पूर्ण उघडलं की पुढं उरत होते १२.

बारा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ६००. वरून उतरणारा माणूस आणि त्याच वेळी दार ढकलून बाहेर येणारा माणूस, दोघं त्या सहाशेत एकमेकांवर आदळणार. आग लागून धावपळ झाली तर काय होईल ते सांगायला नको.

ड्रॉइंगमध्ये हे सगळं स्पष्ट दिसत होतं. तीन जणांनी ते तपासलंही होतं. मॉडेल हातात घेऊन दार उघडून बघणारी ती पहिली.

वहीत फक्त एवढंच आहे: 'लँडिंगवर दार आडवं येतं. मॅडमना दाखवलं. वीस मिनिटं.' चौथ्या रकान्यात, 'ड्रॉइंग बदललं. दार आतल्या बाजूला घेतलं.'

वेळेच्या रकान्यात नऊ तासही आहेत आणि ही वीस मिनिटंही. तिला नोकरी मिळवून दिली ती बहुतेक या वीस मिनिटांनी. भिंत उभी राहिल्यावर ती फोडण्याचा खर्च काय असतो हे ऑफिसातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण नोंद केली नसती, तर महिन्याभरात हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. चूक सुधारली की ती कुणी दाखवली होती हे माणसं विसरतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, नवी कामं समोर येतात एवढंच.

[दृश्य: काचेची केबिन, बाहेरून. आत दोन माणसं. आवाज नाही.]

कॅमेऱ्याला आत जायची परवानगी नव्हती. म्हणून तुम्हाला फक्त हात दिसतायत. टेबलावर दोन कागद, त्यातला एक ती पुढं सरकवते.

दिवस तिनं विचार करून निवडला होता. इंटर्नशिपचं पत्र सहा महिन्यांचं होतं, चौथा महिना संपत आला होता. एका नव्या कामाची ड्रॉइंग्ज सुरू व्हायची होती आणि त्यावर कोण बसणार हे ठरायचं होतं. अशा वेळी विचारलं तर विचार होतो. शेवटच्या दिवशी, सगळे निरोप देत असताना विचारलं, तर उत्तरही निरोपाचंच मिळतं. त्याआधी आठवडाभर तिनं मॅडमच्या कानावर घातलं होतं आणि मॅडमनी सरांकडं शब्द टाकला होता. पगाराचा निर्णय सर घेतात, पण काम कसं आहे हे ते मॅडमनाच विचारणार, हे तिनं ओळखलं होतं.

आत काय बोलणं झालं ते तिनं नंतर आम्हाला सांगितलं.

"सर, मला इथंच काम करायचंय. पगारावर."

"काम चांगलं आहे गं तुझं. पण सध्या जागा नाही."

"जागेचं कधी ठरेल, सर? तारीख सांगाल का?"

"महिनाअखेर बघू."

"मग तोवर विद्यावेतन सुरू करता येईल का? आणि महिनाअखेर नाही जमलं तर मी दुसरीकडं अर्ज करीन. त्यासाठी तुमचं पत्र लागेल, आणि हे मॉडेल माझ्या पोर्टफोलिओत ठेवायची परवानगी."

या शेवटच्या वाक्याशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्यात धमकी नाही आणि अजीजीही नाही. 'जागा नाही' म्हटल्यावर ती उठून गेली नाही, तिनं तारीख मागितली. तारीख लांबची मिळाल्यावर मधल्या दिवसांचं काय ते विचारलं. आणि नकार आला तरी हात रिकामे राहू नयेत म्हणून पत्र आणि परवानगी मागून ठेवली.

दुसरा कागद काय होता? वहीतल्या लाल रेघेखालच्या नोंदी, एका पानावर टाइप केलेल्या. वर एक ओळ: 'मागच्या दहा आठवड्यांत मी केलेली आणि ऑफिसनं वापरलेली कामं.' विशेषणं एकही नाही.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. ईमेल.]

त्याच संध्याकाळी तिनं ईमेल पाठवला. 'नमस्कार सर. आज बोलल्याप्रमाणे महिनाअखेर जागेबद्दल निर्णय कळवाल, आणि तोपर्यंत विद्यावेतनाचं मॅडमशी बोलून सांगाल. माझ्याकडून काही समजण्यात चूक झाली असेल तर कृपया कळवावं.' तोंडी बोलणं त्या दिवशी कागदावर आलं.

हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, असं ती स्वतःच म्हणते. मुदत किती, शिकवणार कोण, मुदत संपल्यावर काय. रुजू होताना तिनं पत्र न वाचता सही केली होती. 'इंटर्नशिपनंतर नोकरीचा कोणताही हक्क राहणार नाही,' हे त्यातलं वाक्य तिनं तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा वाचलं.

[दृश्य: आलेख, तीन खांब.]

हा आकडा अमेरिकेतला आहे, पण कुठल्याही इंटर्ननं बघावा असा. नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स या संस्थेनं २०१३ च्या पदवीधरांचं सर्वेक्षण केलं. पगारी इंटर्नशिप केलेल्यांपैकी ६३.१ टक्क्यांना नोकरीचा किमान एक प्रस्ताव आला. बिनपगारी केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. आणि इंटर्नशिप अजिबात न केलेल्यांपैकी ३५.२ टक्क्यांना.

शेवटचे दोन खांब बघा. त्यांच्यात दोन टक्क्यांचाही फरक नाही.

[दृश्य: ऑफिस, सकाळ. तीच खुर्ची.]

महिनाअखेर तिला पत्र मिळालं. पगार मागितला त्यापेक्षा थोडा कमी, आधीच्या चार महिन्यांचं काही नाही. तिच्याबरोबर रुजू झालेला मुलगा दुसऱ्याच महिन्यात सोडून गेला होता. घरून पैसे मागवणं त्याला शक्य नव्हतं. तो आमच्या चित्रीकरणात नाही.

[दृश्य: मॉडेलचं टेबल. तिच्या शेजारी नवा मुलगा.]

हा नवा इंटर्न. याला विद्यावेतन आहे. थोडंच आहे, पण पहिल्या महिन्यापासून आहे. ती त्याला कटर धरायला दाखवते. पहिल्या फेरीला जोर लावू नकोस, नुसती रेघ ओढ.

मग ड्रॉवरमधून एक कोरी वही काढून देते. तो पहिलं पान उघडतो, पट्टीनं चार रकाने आखतो.

"ताई, आज तर मी नुसतं पातं बदललं. तेही लिहायचं?"

"लिही. वेळ पण लिही."

[दृश्य: पेन कागदावर टेकतं. मागे कटरचा आवाज सुरू होतो.]