शेवटच्या रांगेपासून सुरुवात : लहान नाट्यगृहाची रचना कशी ठरते

[दृश्य : कागदावर पेन्सिलीने ओढलेली एक रेघ. एका टोकाला उभा नट, दुसऱ्या टोकाला बसलेला प्रेक्षक.]

लोकांनी एकत्र येऊन उभारलेल्या लहान नाट्यगृहाचा आराखडा इमारतीच्या दर्शनी भागापासून सुरू होत नाही. तो या एका रेघेपासून सुरू होतो. नटाचा चेहरा आणि सर्वांत मागे बसलेल्या प्रेक्षकाचे डोळे यांच्यात किती अंतर असावे, हे एकदा ठरले की आसनांची संख्या, बैठकीचा चढ, छताची उंची आणि बऱ्याच अंशी खर्चही त्यातूनच ठरत जातो.

हा विचार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र, म्हणजे लांबट, चौरस आणि त्रिकोणी, असे तीन आकार सांगितले आहेत, आणि माणसांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद असा मंडप योग्य ठरवला आहे. त्यातला अर्धा भाग प्रेक्षकांचा, तर उरलेल्या अर्ध्यात रंगपीठ व रंगशीर्ष, म्हणजे रंगमंचाचा पुढचा व मागचा भाग, आणि नेपथ्यगृह, म्हणजे नटांच्या तयारीची जागा. एक हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरला, तर शेवटचा प्रेक्षक रंगमंचाच्या कडेपासून साधारण साडेचौदा मीटरच्या पलीकडे जात नाही. मंडप याहून मोठा केला तर उच्चार अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असे कारणही तिथेच दिले आहे. आज वास्तुरचनाकार संवादप्रधान नाटकासाठी सुमारे २० मीटर ही कमाल मर्यादा धरतात. लहान नाट्यगृहाने त्या मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबावे, कारण जवळीक हेच त्याचे खरे भांडवल असते.

[दृश्य : बैठक. टेबलावर कोरे तक्ते, भोवती वेगवेगळ्या वयांची माणसे.]

पहिल्या बैठकांमध्ये वास्तुरचनाकाराने नकाशे न दाखवलेले बरे. तुम्हाला कसे नाट्यगृह हवे, असे विचारले तर लोक पाहिलेल्या एखाद्या मोठ्या नाट्यगृहाचे वर्णन करतात. त्याऐवजी आठवड्याच्या प्रत्येक दिवशी इथे काय चालेल, तालमी कोण करील, सेट कुठे तयार होतील, कुलूप कोण उघडील आणि वीजबिल कशातून भरले जाईल, असे विचारले तर खरी गरज उलगडू लागते. जवळजवळ प्रत्येक गटात कोणीतरी पाचशे आसनांचा आग्रह धरते, कारण वर्षातल्या एका मोठ्या कार्यक्रमाला तेवढी गर्दी होते. उरलेले वर्षभर मात्र रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रयोग करावे लागतात, आणि त्या रिकाम्या जागेची स्वच्छता, हवा व दुरुस्ती यांचा खर्च चुकत नाही. दीडशे आसनांचे भरलेले नाट्यगृह नटाला आणि प्रेक्षकाला जे देते, ते अर्धे रिकामे मोठे सभागृह देऊ शकत नाही.

त्यानंतर रंगमंचाचा प्रकार निवडायचा असतो. चौकटीच्या रंगमंचावर पडदा, विंगा आणि रंगवलेले देखावे सहज बसतात. तीन बाजूंनी प्रेक्षक असलेला रंगमंच नटाला माणसांच्या अधिक जवळ आणतो, पण तिथे उंच देखावा उभा केला की एका बाजूच्या प्रेक्षकांची दृष्टी अडते. मध्यभागी रंगमंच आणि चहूबाजूंनी प्रेक्षक असतील, तर कोणाकडे तरी नटाची पाठ होणारच. खुर्च्या हलवून मांडणी बदलता येईल असे काळ्या भिंतींचे मोकळे दालन पुष्कळांना सोयीचे वाटते. ते सोयीचे आहेही. मात्र प्रत्येक प्रयोगाआधी ओटे आणि खुर्च्या हलवायला माणसे लागतात, आणि ती मिळत नसतील तर पहिल्या काही महिन्यांनंतर मांडणी कायमची एकच होऊन बसते.

[दृश्य : इमारतीचा उभा छेद, म्हणजे ती वरपासून खालपर्यंत कापली तर आतून कशी दिसेल त्याचे चित्र. प्रत्येक प्रेक्षकाच्या डोळ्यांपासून रंगमंचाकडे जाणाऱ्या तिरप्या रेषा.]

जमिनीच्या नकाशापेक्षा हा उभा छेद अधिक महत्त्वाचा आहे, आणि अनुभवी रचनाकार तो आधी काढतात. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात, आणि डोळ्यांपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर अंतर असते. म्हणून मागच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांतून रंगमंचाच्या पुढच्या कडेकडे जाणारी रेषा पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किमान १२ सेंटिमीटर वरून जायला हवी. हे गणित रांगेरांगेने मांडत गेले की लक्षात येते की मागे जावे तसतशी पायरी अधिकाधिक उंच करावी लागते. एकसारखा चढ पुरत नाही. आसने अर्ध्या खुर्चीने सरकवून मांडली, तर प्रेक्षक पुढच्या दोन डोक्यांच्या मधून पाहतो आणि चढ बराच कमी करता येतो. रंगमंचाची उंचीही याच छेदात ठरते. तो एक मीटरहून उंच केला की पहिल्या रांगेला नर्तकाची पावले दिसत नाहीत, आणि ज्या नाट्यगृहात नृत्याचे कार्यक्रम होणार आहेत तिथे ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकाची जागाही इथेच ठरवावी लागते. एका कोपऱ्यात एकच जागा काढून देणे म्हणजे नियमाची बोळवण करणे होय. निरनिराळ्या रांगांमध्ये, सोबत्याच्या आसनाशेजारी आणि चांगले दिसेल अशा ठिकाणी या जागा असायला हव्यात. रंगपटापासून, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीपासून, रंगमंचापर्यंतची वाटही पायऱ्यांविना हवी, कारण चाकाच्या खुर्चीवरचा माणूस नटही असू शकतो.

[दृश्य : रिकाम्या दालनात टाळी वाजवणारा माणूस. आवाज घुमत राहतो.]

ध्वनीचे शास्त्र अंदाजाच्या पलीकडे गेले ते १८९५ नंतर. हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत असे, आणि ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्यांची संख्या बदलत, त्याने आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. दालनाचे घनफळ आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग यांचा त्याने मांडलेला संबंध आजही वापरला जातो.

संवादांसाठी आवाज विरायला लागणारा हा वेळ, म्हणजे निनाद, एक सेकंदाच्या आत असावा, तर वाद्यवृंदासाठी दीड ते दोन सेकंद बरे वाटतात. समजा, दीडशे आसने आहेत आणि प्रत्येक आसनामागे चार घनमीटर हवा आहे, म्हणजे एकूण ६०० घनमीटर. ०.८ सेकंदाचा निनाद हवा असेल तर सॅबिनच्या सूत्रानुसार आवाज पूर्णपणे शोषून घेणाऱ्या सुमारे १२० चौरस मीटर पृष्ठभागाएवढे शोषण लागते. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग प्रेक्षकच शोषून घेतात. उरलेला पडदे, भिंती आणि छत यांनी उचलायचा असतो. म्हणून खुर्च्यांना गादी असावी, म्हणजे कमी प्रेक्षक आले तरी दालनाचा स्वभाव फार बदलत नाही. सगळ्या भिंतींना आवाज शोषणारे तक्ते ठोकणे हा मात्र उपाय नाही, कारण छतावरून आणि बाजूच्या भिंतींवरून लवकर परतणारा आवाज शब्दाला बळ देतो. थेट आवाजापेक्षा सुमारे १७ मीटर अधिक फिरून, म्हणजे ५० मिलिसेकंदांनंतर येणारा आवाज मात्र शब्द पुसट करतो. मागची भिंत मऊ ठेवण्याचे कारण तेच आहे.

बाहेरचा रस्ता, पाऊस आणि वातानुकूलन यंत्रणा हे नाटकाचे शत्रू आहेत. हवा रुंद नळांतून संथ गतीने सोडली तर ती ऐकू येत नाही, पण रुंद नळांना छतात जागा लागते, आणि ती छेदात आधीच राखली नसेल तर नंतर मिळत नाही.

[दृश्य : विंगेतली लगबग, दोऱ्या, दिव्यांच्या बॅटन, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या नळ्या.]

खर्चाला कात्री लावताना पहिली जागा मागच्या बाजूची जाते, कारण ती समितीला दिसत नाही. विंगा अरुंद होतात, सेट आत आणण्याचे दार साध्या खोलीच्या दाराएवढे राहते, आणि मग प्रत्येक सेट त्या दाराच्या मापाने कापावा लागतो. लहान नाट्यगृहाने देखावे वर खेचून नेणारा उंच मनोरा वगळावा, असे माझे मत आहे. चौकटीच्या अडीच-तीन पट उंची त्याला लागते. वाचलेल्या पैशांत दिव्यांपर्यंत चालत जाता येईल असा पूल बांधावा. समोरचे दिवे नटाच्या चेहऱ्यावर साधारण ४५ अंशांनी पडायला हवेत, आणि ते लावणारे हौशी कार्यकर्ते शिडीवर चढून काम करणार असतील तर कधीतरी अपघात ठरलेलाच.

बाहेर पडण्याच्या वाटांबाबत तडजोड नाही. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग लागली, तेव्हा इमारत सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पडद्यांआड झाकलेली दारे, न उमजणाऱ्या कड्या आणि आत उघडणारी कवाडे यांमुळे सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दार बाहेरच्या दिशेने आणि नुसत्या धक्क्याने उघडावे, हा आजचा नियम अशा किमतीतून आला आहे.

[दृश्य : पुठ्ठ्याची प्रतिकृती, नंतर मोकळ्या जागेत चुन्याने आखलेल्या रांगा.]

कामाचे नकाशे पक्के करण्याआधी एक स्वस्त परीक्षा घेता येते. मोकळ्या जागेत रंगमंच आणि रांगा प्रत्यक्ष मापाने आखाव्यात, पायऱ्यांऐवजी तात्पुरते ओटे मांडावेत, आणि स्थानिक नटांना एक प्रवेश करायला सांगावा. पाय अडतात का, शेवटच्या रांगेतून हात दिसतात का, याची उत्तरे तिथे काही मिनिटांत मिळतात. इमारत झाल्यावर पहिले काही प्रयोग मोजणीचे समजावेत : दालन भरलेले असताना निनाद पुन्हा मोजला जातो, पडदे कमीजास्त केले जातात, आणि प्रत्येक बॅटन किती वजन पेलते याचा तक्ता ध्वनी-प्रकाश कक्षाच्या भिंतीवर लावून इमारत कार्यकर्त्यांच्या हवाली केली जाते.