थरथरणारा हात, अडणारे पाऊल आणि रक्ताची चाचणी

श्रोतेहो, निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांची बोटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तळहातात विडी नसताना, हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना, अंगठा आणि तर्जनी तशीच एकमेकांवर फिरू लागली, तर कंपवाताची शंका घ्यावी. वैद्यकाच्या पुस्तकांत या थरथरीला गोळी वळण्याची उपमा दिलेली असते. आपल्याकडे विडीचीच अधिक शोभते.

मात्र कंपवात हे नाव फसवे आहे. खानापूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा हात जराही थरथरत नाही, पण बांधावरून चालताना त्याची पावले आखूड पडू लागतात, उंबरठ्याशी पाय खिळल्यासारखे होतात, वळताना तोल जातो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्याचे वर्णन केले, त्याच आजाराची ही दोन रूपे आहेत. थरथर प्रमुख असलेल्यांचा आजार सहसा सावकाश वाढतो. चाल आणि तोल आधी बिघडणाऱ्यांना पडण्याचे व पुढे स्मरणशक्ती मंदावण्याचे भय अधिक असते. काहींचा आजार पहिल्या रूपातून दुसऱ्यात सरकतो, हेही खरे.

‘मग रक्त तपासून सांगा की, यांचं कुठलं ते,’ असे नातेवाईक म्हणतात. मागणी रास्त आहे, पण रक्त इतके सरळ बोलत नाही. या आजारात मेंदूच्या पेशींत साचणारे प्रथिन म्हणजे अल्फा-सिन्युक्लिन. रक्तातले हे प्रथिन ९९ टक्क्यांहून अधिक तांबड्या पेशींत असते. त्यामुळे नमुना घेताना किंवा गावाहून शहरात नेताना थोड्या पेशी फुटल्या, तरी आकडा फुगतो आणि तो मेंदूविषयी काहीच सांगत नाही.

न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे प्रथिन अधिक उपयोगी ठरले आहे. ते चेतातंतूच्या सांगाड्यातले. तंतू मोडला की त्याचे अंश रक्तात उतरतात, तेही इतके अल्प की मोजण्यास अतिसंवेदनशील यंत्र लागते. चाल-तोल बिघडलेल्या गटात त्याची सरासरी थरथरीच्या गटापेक्षा जास्त आढळली आहे. परंतु सरासरी गटाची असते, समोर बसलेल्या माणसाची नव्हे. वयानुसार हा आकडा वाढतो, पक्षाघातातही वाढतो. कंपवातासारख्या दिसणाऱ्या, पण झपाट्याने बळावणाऱ्या काही आजारांत तो बराच चढतो, आणि त्यांना वेगळे काढण्यासाठीच, माझ्या मते, त्याचा खरा उपयोग आहे.

यूरिक आम्लाची कथा सावध करणारी आहे. कंपवाताच्या रुग्णांत ते सरासरीने कमी असते, म्हणून अमेरिकेत २९८ जणांच्या चाचणीत काहींना इनोसिन देऊन ते मुद्दाम वाढवले गेले. आकडा वाढला, आजाराची गती मात्र तीच राहिली, आणि वर मुतखडे झाले.

म्हणून तपासणीला येताना चालण्याचे व वळण्याचे मोबाइलवरचे चित्रण आणा. जुन्या पासबुकावरची सहीही आणा. मराठी असो वा कन्नड, या आजारात अक्षर बारीक होत जाते. आणि चालू गोळ्यांची पाकिटे विसरू नका, कारण चक्कर किंवा उलटीवरच्या काही गोळ्यांनीही हुबेहूब हीच लक्षणे येतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवल्यावर ती बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात.