ॲलननी दिलेली चीर

श्रोतेहो, नमस्कार. पाठीच्या कण्यातून खाली जाणाऱ्या मज्जारज्जूबद्दल आज बोलायचं आहे. पण आधी 1911 सालातली एक हकीकत.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन नावाचे डॉक्टर होते. भूल दिलेल्या कुत्र्याचा मज्जारज्जू उघडा करून ते त्यावर ठरलेल्या उंचीवरून ठरलेलं वजन टाकत. मार प्रत्येकाला सारखा. मग काहींच्या जखमेवर, थोड्याच तासांत, मधोमध उभी बारीक चीर देत. आत साचलेलं रक्त आणि पाणी बाहेर येई. चीर दिलेली कुत्री पुष्कळ सावरली. न दिलेली लुळीच राहिली.

मार तोच! मग फरक कशानं पडला? ॲलन म्हणाले, त्या साचलेल्या द्रवातच काहीतरी घातक रसायन आहे. कुठलं, हे शोधायला त्यांना आयुष्य पुरलं नाही. 1918 मध्ये ते पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांचं नाव घेताना त्या मुक्या जनावरांचंही ऋण मानावं, असं मला फार वाटतं.

म्हणजे घाव दोन. पहिला माराचा, क्षणात होणारा. दुसरा रसायनांचा, तासन्‌तास, दिवसेंदिवस चालणारा. पुन्हा सांगते, दुसरा घाव नंतर चालू राहतो. फुटलेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं. एरवी ते निरोप पोचवतं. अति झालं की शेजारच्या धडधाकट पेशींत कॅल्शियम घुसतं, आणि कॅल्पेन नावाचं विकर, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, जागं होऊन निरोप वाहणाऱ्या मज्जातंतूचा सांगाडा कुरतडतं. उघडं राहिलेलं तेल खवट होतं ना? पेशींच्या आवरणातल्या चरबीचं तसंच होतं.

आणि हो, अपघातात पाठीला किंवा मानेला मार बसलेल्या माणसाला कुणीही ओढून बसवू नका. जखमीला कसं हलवायचं, हे शाळेतच शिकवायला हवं!

पुढे काही आठवड्यांत जखमेच्या जागी पोकळी राहते, भोवती व्रण धरतो. हा व्रण सुरुवातीला नासाडी पसरू देत नाही, पण नंतर वाढू पाहणाऱ्या तंतूंनाही अडवतो. तरी बरेचदा अगदी कडेचे थोडे तंतू शाबूत राहतात. ॲलननी चीर दिलेली कुत्री अशाच कडेच्या तंतूंच्या बळावर पाय टाकू लागली असावीत, असं मला वाटतं.